मोठ्या शिशूसाठी दोन पोती वाळू

ए, आधी मला पूर्ण सांगू द्या, मध्ये कोणी बोलायचं नाय. कुशल, तू तर नायच नाय. केळव्याला बायकांनी मला वाळूचोर म्हणून पकडलं, हे तुम्हाला कोणीतरी सांगितलंय ना? तेवढं खरं आहे. पण वाळू चोरायला डंपर लागतो रे! माझ्याकडे ताईची स्कूटी होती आणि तांदळाची दोन रिकामी पोती. आणि कारण ऐकलंत तर तुम्ही मला चहा पाजाल.

कारण मेघाली. माझ्या रुचिताताईची मुलगी, आमची मेघू. पाच वर्षांची, मोठ्या शिशूत आहे. तुम्ही तिला ओळखता, बोलायला लागली की समोरच्याला तोंड उघडायला मिळत नाय. बोयसर स्टेशनपासून घरापर्यंत सगळ्या दुकानांच्या पाट्या वाचत येते. पण हातात पेन्सिल दिली की संपलं. दोन्ही हात मांडीखाली घालते आणि वर बसते. अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीसारखी. म्हणते, "मला येत नाय."

ताईने काय केलं नसेल! हात धरून गिरवून घेतलं, चॉकलेट दाखवलं, ओरडली, मग ओरडली म्हणून स्वतःच रडली. ताई तशी शांत बाई, पण मुलीने वही उघडली की तिचा हात आपोआप पुढे जातो. "असं नाय बाळा, वरून खाली. पोट गोल काढ. दांडी सरळ." मेघूचं अक्षर पूर्ण व्हायच्या आधी ताईचं बोट तिथे पोचलेलं असतं. हे मी आता बोलतोय. तेव्हा मला पण वाटायचं, आई आहे, शिकवणारच.

तर शाळेत पालकसभा होती. ताईची ड्यूटी, भावोजी नाईट करून झोपलेले, म्हणून मामा गेला. बालवर्गाच्या पालकसभेत पालकांनी पोरांच्या खुर्च्यांवर बसायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. माझे गुडघे हनुवटीला लागलेले. अशा अवस्थेत माणसाने गप्प बसावं. पण रूपल टीचर, म्हणजे मेघूच्या वर्गाच्या बाई, इतकं छान बोलत होत्या! म्हणाल्या, मुलांच्या हातात घाईने पेन्सिल देऊ नका, आधी बोटाने वाळूत काढू द्या, हात मोकळा होऊ द्या. पण शाळेत वाळू नाय. एका परातीएवढी पण नाय. मग सभा संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पहिलीत तर मेघाली जाईलच हो. फक्त 'मला येत नाय' हे सोबत घेऊन जाऊ नये, एवढंच वाटतं. आता वर्ष संपत आलंय."

नाय धीरज, त्या दिसायला कशा आहेत हा प्रश्न तू विचारलेला नाहीस असं मी समजतो.

मी ताडकन उभा राहिलो आणि म्हणालो, "टीचर, वाळूचं माझ्यावर सोडा. अख्ख्या वर्गाला हौद भरून देतो." हे मी मोठ्याने म्हणालो, सगळ्या पालकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर कळलं की टाळ्यांसोबत हसतपण होते, कारण मी उभा राहिलो तेव्हा खुर्चीपण माझ्यासोबत उठली होती. मागे अडकलेली. दोन आयांनी ओढून काढली. तर असा त्या हौदाचा पाया घातला गेला.

घरी आलो तर पुंडलिककाका आधीच सोफ्यावर. काका आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, तारापूरच्या कारखान्यातून रिटायर झालेत, आणि रिटायर झाल्यापासून अख्ख्या बिल्डिंगचे सल्लागार आहेत. कोणी नेमलं नाय, पगार नाय, पण ड्यूटी चुकवत नाहीत. म्हणाले, "वाळू कशाला रे? रवा घे. स्वच्छ, पांढरा, बोटाला मऊ." पटलं. परातीत रवा पसरला. मेघूने एक बोट घातलं, दुसरं घातलं, मग एक मोठी वळणदार रेघ काढली, हसली! आणि ताई किचनमधून येऊन म्हणाली, "वा! आता दांडी सरळ काढ हं." झालं. हात मांडीखाली. तेवढ्यात मुंग्यांना बातमी लागली. मुंग्या येण्याआधी ताईने रवा चाळून त्याचा शिरा केला आणि काकांनाच वाढला. मेघूच्या शिक्षणाचा पहिला टप्पा काका दोन वाट्या खाऊन गेले, आणि वर म्हणाले, "थोडी वेलची कमी आहे."

मग बाजूच्या विंगचं काम चालू आहे तिथे गेलो. वॉचमन म्हणाला, "भैया, ये रेती नहीं, क्रशर का डस्ट है. बच्चे के हाथ में मत देना, चुभेगा." काका सोबत होतेच. म्हणाले, काही होत नाय, आणि स्वतः बोटाने त्यात "श्री" काढायला गेले. श्रीची वेलांटी पूर्ण झाली नाय. त्यांच्या बोटातली कच काढायला काकूंना सुई आणि चष्मा दोन्ही लागले.

"आता मी सांगतो ते शेवटचं," बोटाला पट्टी बांधून काका म्हणाले. "वाळू म्हणजे केळव्याची." मी म्हणालो, चिंचणीचा किनारा जवळ आहे. तर म्हणे, चिंचणीच्या वाळूत अक्षर उठत नाय. हे त्यांना कसं माहीत, हे विचारायची माझी हिंमत झाली नाय, कारण उत्तर मिळालं असतं.

म्हणून मी केळव्याला. सुरूच्या बनात स्कूटी लावली, पोतं उघडलं, ओंजळीने भरत होतो. ओंजळीने, हां! फावडंपण नाय. एक पोतं भरलं, दुसरं अर्धं. तेवढ्यात मागून आवाज आला, "ए! कुटं चालवलीस वालू?"

बघतो तर एक म्हातारी, कमरेला पदर खोचलेला, हातात ताडगोळे सोलायचा कोयता. ही जमनाआजी. बनाच्या तोंडाशी ताडगोळे आणि सुकी मासळी घेऊन बसते. तिच्या मागे अजून एक बाई, रत्नाबाई, तिच्या हातात काही नव्हतं पण तिचा चेहराच पुरेसा होता.

मी म्हणालो, "आजी, मुलांना अक्षरं शिकवायला नेतोय."

"अक्षरां?" जमनाआजी रत्नाबाईकडे वळली. "ऐकलास गो? मागचा गाडीवाला बोलला होता देवलाला नेतंय. हा बोलतो अक्षरांना. बरा हाय, दरवेली नवीन."

"खरंच आजी. मोठा शिशूचा वर्ग आहे."

"शिशू मोटा कसा असंल? पोती खाली ठेव आदी." मग तिने समोर हात केला. बनाच्या कडेला चार-पाच सुरूची झाडं आडवी पडलेली, मुळं उघडी, हाडांसारखी. "ती बघतंस? गेल्या पावसात पडली. वालू गेली की झाड जाता, झाड गेला की आमी जाव. तुमी बोयसरवाले पोती भरताव, आमी काय भरायचा?"

मी खरं सांगतो, तोपर्यंत मला वाटत होतं माझ्यावर अन्याय चाललाय. ती मुळं बघून मी हातातलं पोतं खाली ठेवलं. पण अब्रू असते ना माणसाला! मी म्हणालो, "परवानगी आणली तर?" रत्नाबाई पहिल्यांदा बोलली, "आण. कोलगावला जा, मोट्या हापिसात. तवर पोती आमच्याकडं." आणि भरलेली वाळू तिथेच ओतून, दोन्ही रिकामी पोती घडी घालून तिने स्वतःच्या पाटीखाली ठेवली. ताईची बासमतीची पोती होती ती. ताईला काय सांगायचं, ही वेगळी चिंता.

कोळगावला कलेक्टर ऑफिसात मी गेलो ते खरंच, खोटं वाटेल तुम्हाला. तिथली इमारत एवढी मोठी की परवानगी मिळाली नाय तरी माणूस दमून समाधानी होऊन परत येतो. विचारत विचारत एका खिडकीशी पोचलो. आत शिवाजीभाऊ म्हणून एक क्लार्क, स्वभावाने गरीब. त्यांनी विचारलं, "वाळू किती ब्रास?"

"दोन पोती."

त्यांनी वर बघितलं. "वाहन?"

"स्कूटी."

"प्रयोजन?"

"अ आ इ ई."

माझ्यामागे लाईन होती. सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. मग शिवाजीभाऊंनी पेन खाली ठेवलं आणि नीट समजावून सांगितलं, की किनाऱ्याची वाळू अशी कोणालाच नेता येत नाय, दोन पोती असो की दोन डंपर. "आणि ते बरंच आहे," म्हणाले. मी म्हणालो, हो, मुळं बघितली मी. आता मी निघायला पाहिजे होतं. पण त्यांनी विचारलं, "लिहीत नाय का पोरगी?"

बस्स! लाईनच पालकसभा झाली. मागे सातबाऱ्यासाठी आलेले एक आजोबा म्हणाले, "आमच्या टायमाला मास्तर छडी हातात घ्यायचे, आपोआप लिहायचो." त्यांच्या मागची बाई म्हणाली, "म्हणूनच आज अर्ज माझ्याकडून लिहून घेतलात ना आजोबा?" सगळे हसले, आजोबापण. कोणी म्हणे बदाम द्या. कोणी म्हणे डाव्या हाताची असेल, बघा. एका माणसाने तर मला क्लासचं कार्ड दिलं. शिवाजीभाऊ मात्र स्टॅम्प पुसत पुसत हळूच म्हणाले, "माझा मुलगा सगळं लिहितो. फक्त मी खोलीत असलो की नाय लिहीत." आणि पुढच्या माणसाला बोलावलं. माझ्या डोक्यात ते तेव्हा शिरलंच नाय. मी आपला, टीचरना तोंड कसं दाखवू, याच विचारात.

पोती आणायला परत केळव्याला गेलो. मान खाली. जमनाआजीने लांबूनच ओळखलं. "नाय ना भेटली?" मग एक ताडगोळा सोलून हातावर ठेवला. "येडा हायेस. वालूला कशाला नेतंस? पोरांना आण. वालू हितंच ऱ्हाईल, पोरां परत ने. रविवारी आण, आईबापांना पन आण." तिचा चेहरा एकदम मायाळू. आईबापांना पण का, ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

पण कल्पना काय भारी होती! रूपल टीचरना फोन केला, त्या "अय्या!" म्हणाल्या. शाळेच्या मोठ्या बाईंनी सांगितलं, लहान मुलांची सहल नेता येत नाय, जबाबदारी कोणाची? मग आम्ही त्याला सहल म्हणायचंच बंद केलं. पालक आपापल्या मुलांना घेऊन फिरायला जाणार, आणि योगायोगाने सगळे एकाच वेळी, एकाच ठिकाणी, एकाच मिनीबसमधून जाणार. ग्रुप बनवला. ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस. टोप्या, ग्लुकोज, जेलीफिश, नजर लागू नये म्हणून काळा धागा. पुंडलिककाकांनी स्वतःची फोल्डिंगची खुर्ची आणतो म्हणून कळवलं. मी सगळ्याची तयारी केली. प्रथमोपचार, पाण्याचे कॅन, शिट्टी. एकही गोष्ट सोडली नाय.

एक सोडली.

अकराच्या सुमाराला आम्ही बनातून गाणी म्हणत किनाऱ्यावर आलो, आणि किनारा नव्हता. पाणी! थेट बनाच्या कडेपर्यंत, त्या पडलेल्या झाडांच्या मुळांत शिरून फेसाळतंय. पौर्णिमेची भरती रे. अख्खं आयुष्य समुद्रापासून हाकेच्या अंतरावर काढलंय मी, माझे आजोबा केळव्याच्या वाडीतले, आणि मी मोठ्या शिशूला वाळू दाखवायला ऐन भरतीला घेऊन गेलो.

सगळे पालक माझ्याकडे बघतायत. काकांनी खुर्ची उघडली, बसले आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल असं विचारलं, "सुजीत, वाळू कुठाय?"

मी जमनाआजीकडे धावलो. "आजी, भरती आहे हे सांगायचं ना!"

"तू इचारलास कुटं? उतरंल की. पानी काय घर बांधून ऱ्हातंय?" आणि मग गोड आवाजात पालकांकडे वळून, "या गो बाय, सावलीत बसा. ताडगोले घ्या, थंडगार." पाणी उतरेपर्यंत काही तास होते आणि किनाऱ्यावर बसायला दुसरी जागा नव्हती. तिचे ताडगोळे संपले, शेजारणीचे संपले, मग रत्नाबाईने घरून कैऱ्या आणल्या. एक बाबा सुके बोंबील घेऊन बसमध्ये ठेवून आले, परतीच्या प्रवासाचं वातावरण तिथेच ठरलं. आजीने हे सगळं मुद्दाम केलं का, हे मला आजही माहीत नाय. विचारलं तर हसते.

माझी काय अवस्था होती सांगू? ताई ओरडली असती तर बरं वाटलं असतं. नुसती मेघूच्या टोपीची नाडी सोडत होती, बांधत होती. एकदाच म्हणाली, "तू तिच्यासाठी इतकं करतोस रे. तरी नाय काढलं तिने काही, तर?" रूपल टीचर तेवढ्यात पोरांमध्ये जाऊन बसल्या होत्या. पोरं सुरूच्या काड्यांची घरटी करत होती. वाळू नाय म्हणून दुःख आम्हा मोठ्यांनाच.

आणि मग पाणी उतरायला लागलं. तुम्ही बघितलंय ना ते? आधी वाटतं काहीच होत नाय, मग एकदम एवढा मोठा ओला, चपटा, चकचकीत पट्टा मोकळा. कोणीच पाऊल न ठेवलेला. पोरं सुटली रे! टीचरनी काही सांगितलंच नाय. "हे काढा, ते काढा" काही नाय. स्वतः चपला काढून टाचेने एक लांबच लांब रेघ ओढत चालत गेल्या, झालं. पोरांनी काठ्या घेतल्या, शिंपले घेतले. सूर्य, बस, आई, अ, क, कोणी नुसत्या गोट्या.

मेघू हात मागे बांधून उभी. मग ती चालत चालत थेट पाण्याच्या कडेला गेली. मी बघतोय. टाच रोवली. मागे सरकत सरकत एक भलामोठा "म" काढला. तिच्या उंचीएवढा असेल. वाकडा, पोट बाहेर आलेलं. लाट आली, पुसून गेला. तिने बघितलं आणि परत काढला. परत पुसला. परत. बाकी सगळी पोरं लाटेपासून लांब पळून काढत होती, पुसू नये म्हणून. ही एकटीच पाण्याला चिकटून.

काकांना ते बघवेना. खुर्चीतूनच ओरडले, "अगं मेघाली, वरती ये! वरती काढ! तिथे पुसून जाईल!"

ती मागे न वळता म्हणाली, "म्हणूनच."

काका काय समजले देव जाणे, पण ते गप्प बसले. ही पण त्या दिवसाची एक मोठी घटनाच म्हणा. मी ताईकडे बघितलं. तिचं तोंड अर्धं उघडलेलं, "दांडी सरळ" तिथेच कुठेतरी अडकलेलं. मग ते मिटलं. चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघायला लागलो. इतके दिवस आम्ही म्हणत होतो पोरीला येत नाय. येत होतं की. चुकलेलं तसंच राहतं आणि सगळे त्याच्याभोवती जमा होतात, ते नको होतं तिला. शिवाजीभाऊंचं बोलणं मला तेव्हा आठवलं, इतक्या उशिरा.

पाण्याने किती "म" नेले, मोजले नाहीत. निघायच्या वेळी मात्र एक तिने थोडा वर काढला होता. तिथे लाट येत नव्हती. तिने थोडा वेळ वाट बघितली, मग तसाच सोडून बसकडे पळाली.

बसमध्ये बोंबलांचा वास, पोरं झोपलेली, माझ्या पायात वाळू. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, "पुढच्या वेळी भरतीचा टाइम बघणे ही विनंती." वीस अंगठे पडले त्याला. पडू देत.

आता खरं सांगायचं ते दुसऱ्या दिवशीचं. संध्याकाळी आम्ही तिघं हॉलमध्ये जमिनीवर. मी, ताई, मेघू. कोणी काही म्हणालं नव्हतं, आईशप्पथ. मेघूने स्वतः उठून दप्तरातून वही काढली, पेन्सिल काढली आणि पालथी पडून लिहायला लागली. "म." ओळीच्या बाहेर, पोट फुगलेलं, दांडी तिरकी. कागदावर. तिथे कुठली लाट येणार? तिने त्या अक्षराकडे बघितलं. मग हळूच आईकडे बघितलं.

ताईचा हात निघाला होता. मी बघितलं ना, सवयच आहे ती, मेघूच्या पेन्सिलीपर्यंत वीतभर राहिला होता. आणि तिथे, हवेत, ताईला कळलं की आपला हात निघालाय. तो आता मागे घेतला तरी पोरीला दिसणार. मग तिने काय करावं? तो हात तसाच मेघूच्या डोक्यावरून पुढे नेला, अगदी सहज, त्यासाठीच काढला होता असा, आणि गुडघ्यांवर उठून भिंतीवरचं पंख्याचं बटण दाबलं.

पंखा आधीच चालू होता. तो बंद झाला.

मार्चची संध्याकाळ, बोयसर, बंद पंखा. ताईच्या कपाळावरून घाम ओघळतोय, माझा शर्ट चिकटलाय, पण दोघांपैकी कोणी हललं नाय. मेघूने परत वहीकडे बघितलं. जीभ बाहेर काढली आणि त्या वाकड्या "म"च्या शेजारी दुसरा काढायला घेतला.